आय कधी बिचारी नव्हती

आमच्या आयला दुःखी दिसता येत नसे, आणि चळवळीच्या दृष्टीने ही मोठीच अडचण होती. धसईच्या वर, डांबरी सडक संपते तिथून तासभर डोंगर चढला की आमचा पाडा लागतो. दर उन्हाळ्यात कोणीतरी वार्ताहर पाणीटंचाईचे फोटो काढायला यायचा. मी बायकांना हंडे देऊन ओळीत उभं करायची. बाकीच्या तिघी शहाण्यासारख्या कोमेजून दाखवायच्या. आय मात्र कॅमेरा दिसला की अंबाड्यात फूल खोवायची आणि उरलेले चार दात दाखवून हसायची. मी दटावलं की म्हणायची, "विहीर आटलीय गो, मी नाय." एका वर्षी तिचा फोटो तसाच छापून आला. शहरातल्या वाचकांना वाटलं असणार, आमच्या डोंगरात लग्नसराई चालू आहे.

तिचं वय कोणालाच माहीत नव्हतं. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी. ती तर अख्ख्या पाड्याचीच आहे. सरकारला वाटतं, आम्ही सगळे वर्षातून एकदाच जन्माला येतो. मी तिचं शेंडेफळ. मी पोटात होते तेव्हा माझी थोरली बहीणही गरोदर होती, म्हणजे आई आणि लेक एकदमच. पाड्यावर कुजबुज झाली. आयने ती कुजबुज पाणवठ्यावर सगळ्यांसमोर निकालात काढली : "शेत माझं, औत माझं. पेरलं तर तुमचं काय गेलं?" पुढे ही गोष्ट ती मला मोठ्या कौतुकाने सांगायची. मी लाजले की तिला आणखी चेव यायचा.

बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. वर्षभरातच एका लग्नात ती नाचाच्या फेरात उतरली. एका म्हातारीने हटकलं, "नवरा जाऊन वरीस नाय झालं, आणि नाचतेस?" आय न थांबता म्हणाली, "तो होता तवा ताल चुकवायचा. आता बरं जमतंय." सगळे हसले. पण फेरात आपल्या डाव्या हाताची जागा ती कोणाला देत नसे, हे मी पाहिलेलं आहे.

मी शहापूरला कॉलेजात गेले आणि पत्रकं लिहायला शिकले. आक्रोश, टाहो, एल्गार हे शब्द मी मिठासारखे वापरायची. रस्त्यासाठी पहिलं पत्रक लिहिलं ते आयला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "यात आमी कुठंय?" मी सांगितलं, पीडित जनता म्हणजे आपणच. "मग आमचं नाव घाल ना. जनता कोण, मी वळखत नाय तिला."

तिची स्वतःची आंदोलनपद्धत वेगळी होती. ज्येष्ठात ती रानातली शेवळं घेऊन बाजाराला बसायची. शेवळं घशाला खाजतात. सोबत काकडाची आंबट फळं शिजवली तरच ती खाज मरते. आमच्या रस्त्याचं आश्वासन दर वर्षी भाषणात देणारा एक पुढारी एकदा तिच्यापुढे थांबला. "रानातलंच ना मावशी, फुकटचंच," म्हणत त्याने दोन जुड्या उचलल्या. आय गोड हसली. आणखी एक जुडी त्याच्या पिशवीत घातली. काकडं तेवढी पदराखाली सारली. पुढचे दोन दिवस त्याला भाषण करता आलं नाही. "तुझ्या शंभर पत्रकांनी गप बसला होता का गो तो?" तिने मला विचारलं.  

दोन वर्षांपूर्वी ती बांधावरून पडली आणि पाय मोडला. चौघांनी बांबूला घोंगडी बांधून तिला खाली सडकेपर्यंत नेलं. मी मोबाइल काढून मागे निघाले. असं दृश्य पुन्हा मिळणार नव्हतं. हो, मी असाच विचार केला. वाटेत भेटणाऱ्यांना ती झोळीतून हात करत होती. "लग्नात चालत आले, आता वरात निघालीय." मग दगडावर एकाचा पाय घसरला, झोळीला हिसका बसला आणि ती कळवळली. तेवढ्यात तिला माझा मोबाइल दिसला.

"बंद कर ते."

"आय, याने रस्ता होईल."

"रस्त्यासाठी भांड. माझं कण्हणं दाखवून भीक नको मागू. आख्ख्या जल्मात मला कोणी बिचारी म्हणालं नाय."

मी बंद केलं, पण पुसलं नाही. ती तीन महिन्यांनी काठी टेकत स्वतःच्या पायांनी वर आली. व्हिडिओ माझ्या मोबाइलात राहिला.

यंदा भाद्रपदात ती गेली. दुपारी भरपेट भात आणि सुकटीची चटणी खाल्ली, ओट्यावर बसून शेजारणीला कोणाच्या तरी पळून जाण्याची गोष्ट सांगू लागली, आणि गोष्ट अर्धी टाकूनच भिंतीला टेकली. कोण कोणाबरोबर पळालं, हे शेजारीण मला अजून विचारते.

पाचव्या दिवशी संघटनेतला माझा जुना सोबती शहापूरहून आला. खाली मान घालून बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "वेळ वाईट आहे, पण सोमवारी निवेदन द्यायचंय. 'रस्त्याअभावी वृद्ध मातेचा बळी' असं पत्रक काढू. तुझ्याकडे तो व्हिडिओ आहे ना?"

"ती रस्त्याअभावी नाही मेली. गप्पा मारताना मेली."

"लोकांना काय कळणार? पाड्याचं काम होईल, ताई."

त्याचं चूक नव्हतं, हीच पंचाईत. व्हिडिओ चालला असता. आमच्या पाड्यावर आजही दोघी गरोदर आहेत, आणि त्यांनाही त्याच घोंगडीतून उतरावं लागणार आहे. मी तो व्हिडिओ एकदाच पाहिला. मग पुसून टाकला. 

पत्रक मीच लिहिलं. त्यात टाहो नव्हता. पाड्यावरच्या प्रत्येक माणसाचं नाव होतं, आणि खाली एक प्रश्न : रस्ता मिळण्यासाठी आधी मरून दाखवावं, ही अट कुठल्या कायद्यात आहे?

सोमवारी आम्ही चाळीसजण कचेरीत गेलो. साहेबांनी कागद उलटसुलट केला. "यात कोणी दगावलंय का? तसं असेल तर फाइल लवकर हलते."

सोबत्याने माझ्याकडे पाहिलं. आयचं दहावं कालच झालं होतं.

"नाही," मी म्हटलं. "सगळे धडधाकट आहेत. म्हणून तर रस्ता पाहिजे." आणि आम्ही चाळीसजण तिथेच दारात बसलो.