कुंकवाचा पुडा

म्हैसूरजवळच्या हिनकलच्या गोदावरीबाईंना 'नाही' म्हणायला जमत नसे. जन्मात कधी जमलंच नाही. शेजारीण साखर मागायला आली आणि डब्यात खडखडाट असला तरी त्या म्हणायच्या, "बस की, आत्ता देते," आणि मागच्या दारानं मुलाला दुकानात पिटाळायच्या. नकोसा पाहुणा दारात उभा राहिला तरी "या की, तुमचंच घर आहे!" नवरा रणोजीराव सिटी बसवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते, हे ते भाजीवाल्यालासुद्धा ऐकवत. "आमच्या घराण्यानं तलवारी गाजवल्या," ते म्हणायचे, "पण हिच्या तोंडून एक 'नाही' काढणं कुणाच्या बापाला जमलं नाही."

अशा बाईच्या माडीवर देवानं भाडेकरू कोण धाडावी? तर रेनाटे! ऑस्ट्रियाची, उंच, पन्नाशी ओलांडलेली. परदेशी नोकरीला निघालेल्या नर्सांना जर्मन शिकवायला इथं आलेली. गल्लीनं आठवड्याभरात तिची रेणुका करून टाकली. कन्नड ती नर्सांकडूनच शिकली, मोडकंतोडकं, पण बेधडक.

पहिल्याच सकाळी गोदावरीबाईंनी तिला उप्पीट दिलं. तिनं एक घास खाल्ला, नीट चावला आणि म्हणाली, "गोदावरी, हे मला आवडलं नाही. चटणी आवडली. आणखी आहे?" गोदावरीबाईंचा आ वासलेला. एक तर नुसत्या नावानं हाक, वर तोंडावर हे! रणोजीरावांना हसता हसता ठसका लागला.

तिचीही कमी फजिती झाली नाही. गल्लीतली माणसं जाता-येता "ऊटा आयता?" विचारत, म्हणजे जेवण झालं का, उत्तराची कुणाला पडलेली नसते. ही मात्र थांबून ब्रेडपासून काकडीपर्यंत सगळं सांगत बसे. "कुठं निघालात?" विचारलं की हिला वाटे, लोक आपल्यावर पाळत ठेवतात. पाचला या म्हटलं तर ही पाचच्या ठोक्याला दारात, आणि यजमानीण अजून न्हाणीघरात. एकदा तिनं गोदावरीबाईंना स्पष्टच सांगितलं, "वर येताना आधी दार वाजव. मला कधी कधी एकटं असायला लागतं." गोदावरीबाई दोन दिवस फुगून बसल्या. आपल्याच घरात दार वाजवायचं? पण राग ओसरल्यावर त्यांना वाटलं, हिचं एक बरं आहे. पोटात एक आणि ओठात एक नाही. हिच्याशी बोलून आलं की जिवाला हलकं वाटतं.

दसऱ्याला घरात बोंबे मांडत, म्हणजे बाहुल्यांच्या पायऱ्या, आणि संध्याकाळी बायकांचं हळदीकुंकू होई. पहिल्या वर्षी गोदावरीबाईंनी रेणुकालाही ओळीत बसवलं. कपाळाला बोट लागलं तसे तिचे डोळे भरून आले. "आमच्याकडे असं कुणी कुणाला हात लावत नाही," ती म्हणाली. पुढच्या वर्षी ती आठवडाभर आधीपासून विचारत होती, यंदा कधी आहे म्हणून.

तिचा नवरा गेओर्ग तिकडेच असे. त्याला इथलं ऊन सोसत नव्हतं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो अचानक गेला. रेणुका धावत घरी गेली आणि दसऱ्याच्या तोंडावर परत आली. गोदावरीबाई तिच्यासाठी रडल्या, रोज दार वाजवून वर डबा देत राहिल्या. बाई वाईट नव्हत्याच हो. वाईट असत्या तर पुढचं एवढं लागलं नसतं.

हळदीकुंकवाच्या सकाळी सून सुष्मा म्हणाली, "अत्ते, त्यांना आधी सांगून ठेवू या का? आपल्यात नवरा गेलेल्या बाईला..."

"सुम्ने, गप बस गं. तिला कळेल की."

कसं कळेल? कुणी सांगितलं तर कळेल ना! पण आमच्याकडे सगळं न सांगता कळायचं असतं.

पाचच्या ठोक्याला रेणुका खाली उतरली. हिरवी रेशमी साडी, स्वतःच बाजारातून आणून माळलेला मोगरा. येऊन आपल्या नेहमीच्या जागी बसली. गोदावरीबाई तबक घेऊन ओळीनं निघाल्या. समोरच्या घरच्या गौराबाईंना कुंकू लावलं. त्यापुढे रेणुका. तिनं डोळे मिटून कपाळ पुढे केलं होतं. गोदावरीबाईंचा हात थांबला. गौराबाईंनी नुसतं बघितलं. तेवढंच पुरलं. गोदावरीबाई पुढच्या बाईकडे सरकल्या.

रेणुकानं डोळे उघडले. "गोदावरी, मी राहिले."

गोदावरीबाईंनी काठोकाठ भरलेला करंडा तळव्यानं झाकला आणि म्हणाल्या, "कुंकू संपलं."

"हो का," रेणुका म्हणाली. तिनं विश्वास ठेवला! तिच्या जगात माणूस कुंकू संपलं म्हणाला म्हणजे कुंकू संपलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती देवराज मार्केटात गेली आणि कुंकवाचा हा एवढा पुडा घेऊन आली. "घे. आता पुढच्या वर्षी कमी पडणार नाही." गोदावरीबाईंच्या हाताला तो पुडा चटका बसावा तसा लागला. त्यांनी तो देवघराच्या फळीवर मागे सारला आणि त्याचा दोरा कधी सोडला नाही. देवासमोर बसल्या की आधी पुडा दिसे, मग देव.

रणोजीरावांच्या नजरेस पडलाच. "काय गं, दुकान काढतेस की काय?" मग त्यांना सगळं कळलं, तसं हसणं विरलं. "सांगून टाक तिला. ती उप्पिटाचं सांगते, तसं सरळ."

"सांगते की."

आज सांगते, उद्या सांगते करता करता माघ उजाडला आणि रणोजीराव हातात चहाचा पेला असताना गेले. टी. नरसीपूरच्या संगमावर अस्थी सोडल्या, तेव्हा घाटाच्या पायरीवर रेणुका सुष्माला धरून बसली होती. घरी आल्यावर ती रोज गोदावरीबाईंचं दार वाजवून यायची आणि न बोलता शेजारी बसायची. गोदावरीबाईंना ते प्रेम सोसवत नसे. वाटे, हिनं एकदा भांडावं तरी.

वर्षभर सण नव्हता. वर्ष सरल्यावरच्या दसऱ्याला सुष्मानं बोंबे मांडले. तबकही तिच्याच हातात. गोदावरीबाई आतल्या खोलीत जाऊन बसल्या. कुणी जा म्हटलं नव्हतं, त्यांना कळत होतं. बाहेर बांगड्या वाजत होत्या. इतकी वर्षं आपण ज्या बायकांना आत बसवलं, त्या अशाच बसत असतील, हे आज कपाळ कोरं झाल्यावर सुचावं? लाज वाटली त्यांना स्वतःची.

पाचला दार वाजलं. रेणुका. "तू इथं का?"

"मी आता तिथं नसते."

"का?"

सवयीनं एक सबब जिभेवर आली, ती त्यांनी गिळली. "नवरा गेला ना माझा. आमच्यात नवरा गेलेल्या बाईला कुंकू लावत नाहीत."

रेणुका उभीच राहिली. मग ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी कुंकू संपलं नव्हतं."

"नव्हतं."

गोदावरीबाई उठल्या, देवघरातून पुडा काढला, दोरा तोडला. "ये. आत्ता लावते."

रेणुकानं मान मागे घेतली. "नको," ती म्हणाली, उप्पिटाचं सांगितलं होतं त्याच आवाजात. "मला तेव्हा हवं होतं. गेओर्ग गेल्यावर तिकडे माझी मुलं म्हणत होती, राहा इथंच. मी दसरा गाठायचा म्हणून परत आले होते."

गोदावरीबाई पुडा मांडीत घेऊन खाली बसल्या.

रेणुका त्यांच्यासमोर बसली. "तुला आज हवंय का? खरं सांग."

"नको गं, कशाला..." अर्ध्यावर थांबून गोदावरीबाईंनी मान वर केली. "हवंय."

रेणुकानं पुड्यात बोट बुडवलं आणि त्यांच्या कपाळावर कुंकू लावलं. ते थोडं वाकडंच लागलं.

गौराबाई डोकावायला दारात आल्या होत्या. "अय्यो गोदा, हे काय गं?"

गोदावरीबाई तशाच उठून बाहेर सगळ्या बायकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "त्या वर्षी माझा करंडा भरलेला होता," त्या म्हणाल्या. "मी हिला सगळ्यांसमोर खोटं सांगितलं." आधी मराठीत सांगितलं, मग रेणुकाला कळावं म्हणून पुन्हा कन्नडमध्ये.

रेणुकानं ऐकलं आणि मान हलवली. माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही. मनात नसलेलं ती कधीच बोलत नसे.