पाचवं धुणं

चीनमधल्या शाओशिंगच्या रंगकारखान्यात लोउ आयफंग एकोणतीस वर्षं कापड रंगवत होती. नखं कायमची निळी. ओली पट्टी उत्तरेच्या खिडकीपाशी धरून ती नुसतं "हं" म्हणाली की माल पास. "हंऽऽ" लांबलं की सगळे चिडीचूप.

यंदा सरकारी हुकूम आला, रंगवलेलं कापड धुण्याचं पाणी चौथाईने कमी करा, नाहीतर महिनाअखेर टाळं. मालकाने एआय बसवलं. आयफंगच्याच दहा वर्षांच्या वह्या वाचून ते शिकलं आणि म्हणालं, गडद निळ्याला चार धुणी कशाला? तीन पुरेत.

तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा रंग हाताला लागला.

"म्हणजे बघा," इंजिनियर थाओ चष्मा वर ढकलत म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे बघा'नेच सुरू व्हायचं. "गणित बरोबर आहे. कापड चुकतंय."

"मग कापडाला मेमो द्या!" बॉयलरवाला शौ खिदळला. "काय मास्तरीणबाई, तुमचा चेला नापास!"

सगळे हसले. आयफंग जेवणाच्या डब्यातला भात चिवडत राहिली.

चूक कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. जुना मॅनेजर चारच्या वर धुणं घेतलं की अंगावर यायचा. म्हणून वहीत चार लिहायचं आणि पाचवं गुपचूप, मागच्या कालव्यातलं पाणी पंपाने ओढून. रंगीत पाणी परत कालव्यातच. इथले सगळेच मास्तर तसं करत. त्या मास्तरांतली आता ती एकटीच उरली होती, आणि वह्याही तिच्याच.

गप्प बसावं, तर कारखान्याला टाळं आणि साठ माणसं घरी. बोलावं, तर दहा वर्षांच्या खोट्या नोंदी, आणि प्रत्येक पानावर सही तिची.

जेवणाचा डबा तसाच झाकून ती उठली.

"थाओ, चार नाही रे. पाच."

"कधीपासून?"

"पहिल्या पानापासून."

थाओने 'म्हणजे बघा' म्हटलं नाही. सरळ आकडे बदलले. या खेपेला एआय म्हणालं, पहिलं धुणं कढत पाण्यात घ्या, मग एकूण तीनच पुरतील.

आयफंगने नवी पट्टी पांढऱ्या फडक्यावर घासली. फडकं पांढरंच राहिलं.

"हं."

टाळ्या पडल्या. बदललेले आकडे वरही पोचले होते. तेवढ्यात जिन्यावरून नव्या मॅनेजरची हाक आली. "लोउ मास्तरीण, जरा वर या. वह्या घेऊन."

दहाही वह्या छातीशी धरून ती शौजवळून निघाली. आता हा काहीतरी टोमणा मारणार, म्हणून क्षणभर थांबलीही.

शौ बॉयलरचा काटा बघत होता. काटा जागचा हललेला नव्हता, तरी तो तिच्याकडे नजर वळवेना.