आईने सांगितलेली उंची

सारसोळ्याच्या मैदानात कबड्डीची चढाई करताना माझा डावा गुडघा एका दिशेला वळला आणि मी दुसऱ्या. आतलं लिगामेंट तुटलं. नेरूळच्या डॉक्टरांनी समजावलं की मांडीच्या मागची कंडरा, म्हणजे स्नायूचं दोरीसारखं टोक, काढायची, घड्या घालून तिची जाड दोरी करायची आणि तुटलेल्याच्या जागी बसवायची. आठ मिलिमीटर भरली तर उत्तम. बारीक निघाली तर खेळताना पुन्हा तुटायची भीती. खरी जाडी पाय उघडल्यावरच कळते, म्हणून आधी उंची, वजन आणि मांडीचा घेर यांवरून अंदाज बांधतात.

मला एवढंच कळलं, की माझी कबड्डी माझ्या मापांवर लटकलीय.

"उंची?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाच-तीन," आई म्हणाली.

मी पाच फूट आहे. पाच-तीन ही लग्नाच्या बायोडाटातली उंची. आईने ती इतक्या स्थळांना सांगितलीय की आता तिलाही खरी वाटते. त्याच कागदावर माझा छंद वाचन आहे. कबड्डीचा क सुद्धा नाही.

डॉक्टरांनी आकडे घातले. "आठच्या आसपास येईल असं दिसतंय."

आईने सुटकेचा निःश्वास सोडला. माझं डोकं सटकलं.

"आई, इथे मुलाकडचे बसलेत का? डॉक्टर, पाच फूट लिहा."

"सँडल घातले की पाच-तीनच भरते हो," आई डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी मला अनवाणी भिंतीला उभं केलं. पाच फूट. पुन्हा हिशेब झाला. "सात. पण हा अंदाज आहे, कमी-जास्त होतं."

आईचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, "माझी घ्या ना. माझ्या मांड्या बघा केवढ्या आहेत."

"पेशंटचीच घेतो आम्ही," डॉक्टर अजिबात न हसता म्हणाले. मला मात्र हसू आलं.

ऑपरेशनच्या वेळी माझं कमरेखालचं सगळं बधिर होतं, कान मात्र शाबूत. पडद्यापलीकडे ते दोरी मापाच्या भोकांतून ओढून बघत होते. "सातातून जात नाही." थोड्या वेळाने, "साडेसातातही अडकतेय." एरवी चढाईला जातानाही मी देवाचं नाव घेत नाही, तेव्हा घेतलं.

"आठ. बरोबर बसली."

मला बाहेर आणलं तेव्हा डॉक्टर आईला तेच सांगत होते. आईला पश्चात्ताप वगैरे नव्हताच. "तरी मी पाच-तीन सांगत होते!" ती म्हणाली.

आता आई, व्रण दिसेल का विचारणार, मांडी घालून पूजेला बसता येईल का विचारणार, असं मी धरूनच चालले होते. आईने ओढणीने डोळे पुसले.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ही मैदानात कधी उतरेल?"