देवाच्या घोडीला पाणी पाजणारे मामा

"हिला पानी कोन पाजतंय?"

आजारी घोड्याजवळ गेलं की मामांचा पहिला प्रश्न हाच असायचा. घोडा पाय मोडून पडलेला असो की पोटदुखीनं लोळत असो, मामा आधी गर्दीकडे वळायचे, हाताचा पंजा उताणा करून सगळ्यांच्या तोंडापुढून फिरवायचे आणि विचारायचे. मालक कोण, हे त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

मी तेव्हा गेवराई तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर होतो आणि मामा तिथले परिचर. कागदावर त्यांचं काम झाडलोट करणं, बाटल्या धुणं आणि जनावर धरणं एवढंच. प्रत्यक्षात दवाखाना ते चालवायचे आणि मी सह्या करायचो. तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेलच. साहेब येतात-जातात, तो तिथंच असतो, आणि नव्या साहेबाला पहिल्या आठवड्यातच त्याचा राग येतो. मलाही आला होता. रुजू झालो त्याच दिवशी एका म्हशीला सुई टोचत होतो, तर हे चारचौघांत म्हणाले, "साहेब, म्हैस भ्याली न्हाई, तुमी कावून थरथरायलात?"

आमच्या भागात घोडी कमी नाहीत. वरातीची असतात, हौशी शेतकऱ्यांनी शेतावर पाळलेली असतात, धनगरांची ओझ्याची तट्टं असतात. पण घोड्याचा पाय एकदा तुटला की तो जुळत नाही, आणि जुळेपर्यंत पडून राहणं घोड्याला जमत नाही. अशा जनावराला जगवणं हाच छळ आहे असं डॉक्टरनं एका कागदावर लिहून दिलं, की शांतपणे मरण देता येतं. कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असते ती माणसांची. पाप कोण घेणार? म्हणून मोडकं घोडं माळावर नेऊन बांधायचं, पुढ्यात पेंढी टाकायची, 'देवाच्या हवाली' म्हणायचं आणि घरी येऊन जेवायचं. कावळे आणि कुत्री पुढचं बघतात.

मामांना या 'देवाच्या हवाली'ची भयंकर चीड होती. ते स्वतः धनगराचे. लहानपणी त्यांचा तळ हलला तेव्हा एक तट्टू लंगडं झालं होतं, ते बापानं ओढ्याकाठी सोडलं. "ते मागं आलं, साहेब," मामा एकदा बाटल्या धुताधुता म्हणाले. "तीन पायावर. दुसऱ्या मुक्कामाला आमी भाकरी खायलो, तर हे आपलं हजर. बानं त्याला दगडं मारून हाकललं." एवढं बोलून त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि पुन्हा धुवायला घेतली.

तलवाड्याकडचा एक प्रसंग सांगतो. एका शौकीन माणसाचा नाचरा घोडा वरातीत फटाक्याला बुजला आणि मागचा पाय मोडून बसला. मालक पीळदार मिशांचा. मामांनी पंजा फिरवून विचारलं, तर म्हणाला, "मीच पाजतो की! लेकरावानी जपलाय."

मामांनी घोड्याकडे बघितलं. "तुमी एवढं मोठ्यानं बोलले, तरी त्याचा कान बी हलला न्हाई. खोटं कावून बोलता?"

मिशा थरथरल्या. मी मध्ये पडणार, तेवढ्यात घरातून मालकाची म्हातारी चुलती बाहेर आली. तिची चाहूल लागताच घोड्याचे दोन्ही कान तिकडे वळले. मामांनी तिच्या हातात लगाम दिला आणि म्हणाले, "मावशी, बोलत ऱ्हा. काय बी बोला." म्हातारी पदर तोंडाला लावून बोलू लागली. आज भाकरी करपली, सून ऐकत नाही, वैरण ओली आलीय. घोड्यानं तिच्या पोटाला कपाळ टेकवलं. मी सुई दिली. तो कधी गेला ते म्हातारीला कळलंसुद्धा नाही, ती वैरणीचंच सांगत होती. असं मरण माणसांनाही मिळत नाही हो!

मामांची ही रीत मला तिथं पहिल्यांदा नीट कळली. जो रोज पाणी पाजतो त्याचाच हात शेवटी लगामाला हवा. परक्या हातात घोडं भीतीनं मरतं.

आता त्या घोडीचं सांगतो. गावाचं नाव घेत नाही. खंडोबाच्या नावानं सोडलेली पांढरी घोडी होती, जत्रेत देवाच्या पालखीपुढे चालायची. सोमवारी सकाळी ती कालव्याच्या चारीत अडकली आणि पुढचा पाय गुडघ्याखाली मोडला, हाड बाहेर आलं. आम्ही पोचलो तेव्हा गावानं तिला आडवंसुद्धा होऊ दिलं नव्हतं. जत्रेआधी देवाची घोडी लोळली तर गावावर अरिष्ट येतं म्हणे! म्हणून पोटाखालून पोती घालून, लिंबाच्या फांदीवरून दोर टाकून तिला उभी टांगली होती. जखमेत भंडारा भरला होता. बायका तिच्या खुरांपाशी डोकं टेकत होत्या, बाप्ये नारळ फोडत होते. नारळ फुटला की घोडी दचकायची, आणि दचकली की तो तुटलेला पाय जमिनीला लागायचा.

"हिला पानी कोन पाजतंय?"

"समदं गाव पाजतंय," कुणीतरी म्हणालं.

"म्हंजे कुनीच न्हाई." बादलीत लिंबाचा पाला पडला होता. मामा स्वतः हापशावर गेले. घोडी एका दमात दोन बादल्या प्याली.

मी कागद काढला. सरपंच जवळ आले, हात जोडून म्हणाले, "साहेब, रविवारी जत्रा हाय. तवर जित्ती ठिवा. मंग देव न्हेईल तवा न्हेईल." मी कायदा सांगायला लागलो, तर त्यांनी फोन लावून माझ्या कानाला दिला. पलीकडे तालुक्यातले एक पुढारी होते. माझा बदलीचा अर्ज त्यांच्याच शिफारशीवर अडकला होता. ते गोड आवाजात म्हणाले, "डॉक्टर, लोकांच्या भावना असतात. जपून." झालं! माझी पाचावर धारण बसली. मी कागद घडी करून खिशात घातला, वेदना कमी करणारं एक इंजेक्शन दिलं आणि नोंदवहीत लिहिलं, 'उपचार सुरू.'

परतताना मामा गाडीवर मागे बसले होते. तिथूनच म्हणाले, "दुखनं कमी करून टांगून ठिवायची, साहेब. म्हंजे जास्त दिस दुखंल."

मंगळवारी जखमेत अळ्या पडल्या. बुधवारी पोत्यांनी पोटाचं कातडं सोललं. मामा दोन्ही दिवस दुपारी सायकलवर जाऊन तिला पाणी पाजून आले. बुधवारी आल्यावर म्हणाले, "आता म्या लांबून आलो तरी कान टवकारती." मला त्याचा अर्थ कळला आणि मी न कळल्यासारखं केलं.

गुरुवारी सकाळी मी औषधांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. घोडीला किती औषध लागेल, ते भिंतीकडे बघत मोठ्यानं पुटपुटलो. मग म्हणालो, "मामा, मला गेवराईला मीटिंग आहे. यायला संध्याकाळ होईल." मीटिंग कसली आलीय! मी स्टँडजवळच्या हॉटेलात चार वाजेपर्यंत चहा पीत बसलो होतो.

पुढचं मला त्या गावातल्या एका म्हातारीनं सांगितलं, तेवढी एकच तिथं होती. गाव दुपारचं जेवायला गेलं तेव्हा मामा आले. आधी पाणी पाजलं. मग दोर कापला, आणि चौथ्या दिवशी ती घोडी पहिल्यांदा जमिनीवर टेकली. मामा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. "आपल्या लेकीचं काईबाई सांगत व्हता तिला," म्हातारी म्हणाली. एका हातानं लगाम धरून दुसऱ्या हातानं त्यांनी सुई दिली.

ते पळाले नाहीत. सायकल लिंबाला टेकवलेली होती, तरी पळाले नाहीत. लोक आले आणि त्यांनी मामांना घोडीशेजारीच मारलं. 'येळकोट येळकोट' म्हणत मारलं. साठीला टेकलेला माणूस! हात मोडला, दोन दात पडले. परत आलो तर दवाखान्यात निरोप होता. मी पोचलो तेव्हा त्यांच्या केसांत भंडारा होता आणि ते तोंडातलं रक्त थुंकत बसले होते.

पंधरा दिवसांनी वरून चौकशी अधिकारी आले. मामा आणि मी शेजारी शेजारी उभे होतो. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "किल्ली यांच्याकडे कशी गेली?"

तोंडाशी आलेलं खरं मी गिळलं. म्हणालो, "घाईत टेबलावर विसरलो."

मामांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. "साहेब इसरले व्हते. म्या उचलली."

मामा निलंबित झाले. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. मला ताकीदसुद्धा मिळाली नाही. त्यानंतर दोन उन्हाळे ते जगले म्हणे. मी भेटायला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

चौकशीच्या दिवशी मात्र मी त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत धावलो होतो. हात गळ्यात अडकवून ते एस.टी.ची वाट बघत उभे होते. मी म्हणालो, "मामा, चुकलो मी. तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"घ्यून काय व्हनार? तुमचं बी गेलं असतं." त्यांनी गळ्यातला हात सावरला. "त्याचं काय न्हाई, साहेब. पन एक इचारू का?"

"विचारा."

"किल्ली ठिवायचीच व्हती, तर सोमवारी कावून न्हाई ठिवली?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मी रस्त्याकडे. गाडी आली, कंडक्टरनं दार उघडलं, दोनदा हाक मारली, तरी मामा उत्तरासाठी तसेच उभे होते.