नको म्हणजे किती नको

जुन्या दारा-खिडक्यांचा माझा धंदा. नांदे, घोटावडे या बाजूला जुनी घरं पाडून टॉवर उभे राहायला लागले, तेव्हा लोक सागवानी चौकटी चुलीत घालत होते. मी त्या टेम्पोत घातल्या, आणि त्यावरच माझं घर उभं राहिलं. या धंद्यात पहिलं ‘नाही’ कुणी मनावर घेत नाही. गिऱ्हाईक नाही म्हणतं, पाठ फिरवतं, गेटापर्यंत जातं, आणि मग खरं बोलणं सुरू होतं. सगळं जग असंच चालतं, अशी माझी समजूत होती.

मुलगा हिंजवडीत नोकरीला लागला आणि तिथंच सोबत काम करणाऱ्या मुलीशी त्यानं लग्न केलं. मुलगी डेहराडूनकडची. वडील फौजेत, त्यामुळे लहानपण छावण्यांमध्ये गेलेलं. मराठी ऑफिसात कानावर पडलेलं तेवढंच. फ्लॅट मिळेपर्यंत म्हणून दोघं आमच्याकडे राहायला आले. वरचा मजला मी त्यांच्यासाठीच बांधला होता. मी मनात म्हटलं, आले ना, आता कुठं जातात.

पहिल्याच रविवारी बायकोनं मटण आणि तांदळाच्या भाकरी केल्या. सून जेवली, ताट पुसून स्वच्छ केलं. मी भाकरी वाढली.

“बस आण्णा, सच में बस.”

“आगं खा, लाजायचं न्हाई हितं.”

तिनं ती भाकरीही संपवली. ताट पुन्हा रिकामं, म्हणून बायकोनं आणखी एक टाकली. आमच्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढणाऱ्याला वाटतं, भूक राहिली. आणि तिच्या घरी, हे मला पुढं कळलं, ताटात काही ठेवणं म्हणजे करणाऱ्याचा अपमान. ती संपवत होती, आम्ही वाढत होतो. दुसऱ्या दिवशी गोडाऊनवर मी सगळ्यांना कौतुकानं सांगितलं, “सून लई जेवती बरं का, आपल्या घरात शोभंल.” पोरगी रात्रभर ओकत होती, हे तिनं तेव्हा कुणाला सांगितलं नाही. त्या रविवारी समोर बसलेल्या माझ्या मुलाला दोन्हीकडची रीत ठाऊक होती. तो मोबाईल बघत जेवत होता.

मग एक दिवस बायको माहेरी गेलेली. मी घोटावड्याहून एका सौद्यावर डोकं तापवून दुपारी घरी आलो. पोटात सकाळपासून फक्त चहा. सून वरून खाली आली.

“आण्णा, जेवायला वाढू?”

“नको, ऱ्हाऊ दे.”

“ठीक आहे,” म्हणाली, भाजीवर झाकण ठेवलं आणि वर गेली. लॅपटॉपवर तिची मीटिंग होती.

मी दारातल्या ओट्यावर बसून राहिलो. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, आली. आता म्हणेल, असं कसं, थोडं तरी खा. ती आली नाही. भूक होतीच, पण भुकेपेक्षा राग मोठा झाला. ज्या घराची वीट न् वीट मी आणली, त्या घरात मला दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. उठून वाढून घेणं माझ्या हातून होईना. मी कुणाला न सांगताच गोडाऊनवर गेलो आणि टपरीवरचा वडापाव खाल्ला.

संध्याकाळी बायको परतली आणि माझा भडका उडाला. “मला उपाशी मारायला आणलीय का ही ह्या घरात?”

सून जिन्यातच थांबली. “आण्णा, तुम्ही नको म्हणाला होता.”

“मग? नको म्हन्लं म्हंजे काय नको असतं व्हय?”

ती रडेल असं वाटलं, पण तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. “म्हणून तुम्ही माझं ‘नाही’ पण ऐकत नाही. मैं कब से बोल रही हूँ, आम्हाला हिंजवडीत राहायचंय, ऑफिसजवळ. आणि तुम्ही वर किचनचा ओटा बसवला.”

खरं होतं. तिच्या प्रत्येक ‘नाही’वर मी एक पायरी वर चढलो होतो. आधी रंग, मग गीझर, मग ग्रॅनाईटचा ओटा. मी त्याला सौदा रंगणं समजत होतो.

त्या रात्री मला आई आठवली. आम्ही लहानपणी दुसऱ्याच्या शेतावर कामाला जायचो. मालकीण भाकरी पुढं करायची, आणि आईनं आधीच बजावलेलं असायचं, पहिल्या हाकेला हात पुढं करायचा नाही. लोक म्हणतील, ह्यांच्या घरात खायला नाही. घरात खरंच नसायचं. त्या ‘नको’मध्ये आम्ही आमची अब्रू झाकत होतो, आणि समोरचा पुन्हा पुन्हा विचारून ती झाकू द्यायचा. माझं पोट भरून जमाना झाला, तरी जीभ अजून त्याच शेताच्या बांधावर उभी होती. आणि ह्या पोरीला तिच्या बापानं शिकवलेलं, हवं तेवढंच घे, घेतलंस ते संपव, आणि जे बोलशील ते खरं बोल. तीही अब्रूच होती, वेगळ्या घरातली.

रविवारी मी तिला दारातल्या ओट्यावर बोलावलं. “पोरी, एकदाच इचारतो. हितं ऱ्हाशील?”

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. “नाही, आण्णा.”

जिभेवर पुढचं सगळं तयार होतं. खाली पार्किंगला शेड टाकतो, ऑफिसला जायला गाडी देतो. आयुष्यात एवढं जड काही उचललं नव्हतं, जेवढं ते गिळणं जड गेलं.

“बरं,” म्हणालो.

ते हिंजवडीला गेले. वरच्या मजल्यावर आता भाडेकरू आहेत, आणि तो ग्रॅनाईटचा ओटा दुसऱ्याच बाई वापरतात. जिन्यातून त्यांच्या फोडणीचा वास आला की अजून मनात चुकचुकतं. मुलावरचा राग तर मी अजिबात सोडलेला नाही. दोन शब्द बोलला असता तर ती पोरगी आजारी पडली नसती आणि मी वडापाव खाल्ला नसता. त्याला विचारलं तर म्हणतो, “मला वाटलं तुम्हाला कळत असंल.”

मागच्या महिन्यात त्या बाजूला एका पाडकामाला गेलो होतो. ट्रॅफिकमध्ये अडकलो, म्हणून त्यांच्या फ्लॅटवर चढलो. मुलगा ऑफिसात होता. ती घरून काम करत होती.

“आण्णा, जेवून जा. राजमा केलाय.”

“नको, जेवून आलोय.” तोंडातून गेलंच.

तिनं लॅपटॉप मिटला. “दुसऱ्यांदा विचारते.”

“न्हाई गं, खरंच.”

“तिसऱ्यांदा. आता नाही म्हणालात तर मी फ्रिजमध्ये ठेवणार. बघा.”

मी हात धुतले. तिनं भात वाढला, वर राजमा घातला. तिखट कमी होतं, पण चव वेगळीच होती. तिनं पुन्हा पळी उचलली, आणि मी सवयीनं म्हणालो, “पुरे.”

पळी जागच्या जागी थांबली. ती भांड्यात परत ठेवू लागली. मला आणखी हवं होतं. मी ताट तिच्यापुढं केलं.

“वाढ,” म्हणालो. “भूक हाय अजून.”