मीटरवरचा रुमाल

नाकदादाचं खरं नाव प्रयोगशाळेत कुणी घेत नसे. काम विषारी वायू हुंगणाऱ्या मीटरांची परीक्षा घेण्याचं. वायू मीटरच्या तोंडाशी सोडायचा, ते किती चटकन ओरडतं ते बघायचं आणि अहवाल लिहायचा. न ओरडणाऱ्या मीटरच्या शून्यावर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. घरीही कुणी "सगळं ठीक आहे" म्हटलं की हा विचारायचा, "तपासलंत का?" पाहुणे त्याच्याकडे बेताचेच येत.

त्याचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, एका कारखान्यात टाक्या साफ करायचे. छातीवर नाकदादानंच पास केलेल्या जातीचं मीटर. "तुझं हे कार्टं फार रडकं आहे रे," ते म्हणायचे, "उठसूट भोकाड पसरतं!"

एके दिवशी भावोजी टाकीत उतरले आणि वर आलं ते त्यांचं प्रेत. मीटर खिशात सापडलं, रुमालात करकचून गुंडाळलेलं. त्यांचाच हलगर्जीपणा, कारखाना म्हणाला. ताईला एकच आशा होती, की मीटर बिघडलेलं निघावं.

मीटर तपासायला नाकदादाकडेच आलं. एखादं मीटर नापास व्हावं असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं. पण ते दर वेळी खणखणीत ओरडलं.

अहवाल देण्याआधी ताईला आपणच सांगावं म्हणून तो मीटर खिशात टाकून तिच्याकडे गेला. ती भावोजींच्या कामाच्या कपड्यांवरचे ग्रीसचे डाग घासत बसली होती. कारखान्यानं कपडे परत मागितले होते.

"ताई, मीटर चांगलं आहे गं."

ती घासतच राहिली. डागावर टाकायला तिनं स्पिरिटची बाटली उघडली, आणि नाकदादाच्या खिशात मीटर किंचाळायला लागलं.

"घाबरू नकोस, ते असंच करतं," ताई म्हणाली. "तिथं सगळे स्पिरिटनंच हात पुसतात, म्हणून दिवसभर बोंबलायचं. घरी मी असे डाग काढायला बसले की तेच. बाळ दचकून उठायचं, म्हणून मीच रुमाल दिला. म्हटलं, गुंडाळून ठेवा मेल्याला."

बोलता बोलता तिचा हात थांबला. नाकदादानं बाटलीला बूच लावलं. मीटर बऱ्याच वेळानं गप्प झालं.

परत जाऊन त्यानं मीटरला स्पिरिट हुंगवलं आणि अहवालात लिहिलं: हे मीटर वायू ओळखतं, पण रोजच्या स्पिरिटलाही तसंच ओरडतं. दिवसभर खोटं ओरडणाऱ्या मीटरला माणूस गप्प करणारच. पास करताना मी ही चाचणी घेतली नव्हती.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, हे तुला विचारलं होतं कुणी?"

"नव्हतं विचारलं. मीही नाही विचारलं. म्हणून तर माणूस गेला."

"स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोयस."

"पाडू द्या."

साहेबांनी चष्मा लावून शेवटचा रकाना बघितला. "हा रुमाल आला कुठून? तो रकाना कोरा सोडलायस."

नाकदादानं कागद पुढ्यात ओढला आणि लिहिलं, 'माहीत नाही.'

"तपासलंस का?" साहेबांनी विचारलं.

"हो," नाकदादा म्हणाला आणि सही केली.