मागच्या सीटवरचा शम्सू

केरळातल्या मूवाट्टुपुळाच्या बाजारात आमचं सोनं गाळायचं दुकान आहे आणि त्याच्या माडीवर एल्दोच्या चॅनलची खोली. वडील खानापूर तालुक्यातून इथे आले, त्याला आता इतकी वर्षं झाली की मी हिशेब मराठीत करतो आणि भांडतो मल्याळममध्ये. एल्दो मला सेट्टू म्हणतो. इथे गलाईवाल्याला सगळेच तसं म्हणतात.

एल्दो गाड्यांचे व्हिडिओ करतो. आधी तो केबलवाल्यांच्या वाहिनीसाठी जाहिराती गोळा करत हिंडायचा. गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं, म्हणून एका मित्राची नवी गाडी घेऊन त्याने पहिला व्हिडिओ केला, आणि तो चालला. त्याचा चेहरा साधा, उंची बेताची, पण आवाज भरदार. खिडक्या उघड्या ठेवून घाटात गाडी पळवतानाही शब्द न् शब्द ऐकू यायचा. प्रत्येक व्हिडिओची सुरुवात ठरलेली: "या, बसा, दार लावा." बाजारातली पोरं त्याला बघितलं की हेच ओरडायची. सुरुवातीला तो हात करायचा. पुढेपुढे नुसती मान हलवायचा.

लोकांना वाटतं, नवीकोरी गाडी फिरवायची आणि चार शब्द बोलायचे, यात कष्ट कसले? कंपनी डोंगरातल्या एखाद्या हॉटेलात सगळ्या चॅनलवाल्यांना बोलावते आणि प्रत्येकाला गाडी तासा-दोन तासांसाठी मिळते. तेवढ्यात तेच वळण पुनःपुन्हा घ्यायचं. कधी समोरून बस येते, कधी ढग येतो, कधी कॅमेऱ्यात दुसऱ्याच चॅनलची गाडी घुसते. मग घरी येऊन सगळं कापायचं, जोडायचं. व्हिडिओवर लावायला तोंडाचा आ केलेला स्वतःचा फोटो काढायचा, कारण शहाण्यासारखं तोंड ठेवलं तर कुणी बघत नाही. कंपनीने ठरवलेल्या मिनिटाला सगळ्यांचे व्हिडिओ एकदम सुटतात. जो मागे राहिला तो राहिला. आपला नवरा रोज दुपारी आरशासमोर उभा राहून आश्चर्यचकित होतो, असं त्याची बायको जिन्सी म्हणायची. ती शाळेत गणित शिकवते. तिची जीभ तिखट आहे.

कॅमेरा शम्सूकडे. शम्सुद्दीन पस्तिशीचा, लांब हाताचा, अबोल. पुढच्या गाडीची डिकी उघडी टाकून तिच्यात मांडी घालून बसायचा आणि मागून येणाऱ्या एल्दोचं चित्रण करायचा. त्याचं एकच दुखणं होतं: गाडीत मागे बसलं की, सीटवर काय नि डिकीत काय, त्याला गाडी लागायची. एवढ्या वर्षांत काही कमी झालं नव्हतं. तो खिशात आल्याचे तुकडे घेऊन हिंडायचा आणि दर घाटात कुठेतरी उतरून उलटी करून यायचा. एल्दो तेवढा वेळ घड्याळ बघायचा.

एल्दोला कंटाळा आलाय हे मला माडीवरच्या पावलांवरून कळायला लागलं होतं. पूर्वी तो जिना धावत चढायचा. हल्ली मधल्या पायरीवर थांबायचा. एकदा दुपारी माझ्याकडे कट्टन, म्हणजे बिनदुधाचा, चहा पीत बसला असताना समोरून एक नवी गाडी गेली, तर त्याने पाठ फिरवली. मग त्यानेच सांगितलं, की गाडी दिसली की डोक्यात आपोआप वाक्यं सुरू होतात, आणि ती सगळी आधी बोलून झालेली असतात.

मग अडिमालीच्या वळणांवर, एका मोठ्या कंपनीच्या गाडीचं काम चालू असताना, त्याचा आवाज गेला. सकाळपासून घोगरा होताच. "या, बसा" म्हणाला आणि "दार लावा" बाहेरच पडेना. शम्सूला वाटलं माईक बिघडला. तो उतरून तारा तपासत बसला. एल्दो आपला तोंड हलवतोय.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, हाताला घट्टे पडतात तसे याच्या आवाजाच्या पडद्यांवर पडलेत. बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त बिघडतं. कधी बरं होईल, पूर्ण बरं होईल का, त्या काही सांगेनात.

ही गाडी कंपनीने यावेळी घरीच पाठवली होती आणि ती अजून दोन दिवस त्यांच्याकडे होती. व्हिडिओ द्यायचं कबूल झालं होतं. बाहेरची दृश्यं टिपून झाली होती, बोलणं तेवढं राहिलं होतं. माडीवर तिघं बसले होते आणि मी चहा घेऊन गेलो होतो. कुणाकडून तरी बोलून घ्यायचं, तर कुणाकडून? जिन्सीने शम्सूचं नाव घेतलं. तो उठूनच उभा राहिला. तिला तो चेची, म्हणजे ताई, म्हणतो.

"चेची, मी काय बोलू? गाडीतलं मला काय कळतं? मला फक्त उलटी कळते."

"मग तेच सांग," जिन्सी म्हणाली. "यांनी इतकी वर्षं पुढे बसून सांगितलंच की. मागे बसणाऱ्याचं कोण सांगतंय?"

एल्दोने मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि शम्सूपुढे धरलं. शम्सूने वाचलं, मान खाली घातली आणि होकार दिला. काय लिहिलं होतं ते मला दिसलं नाही.

रविवारी एल्दो आणि जिन्सी चर्चमधून आल्यावर आम्ही वागमणच्या रस्त्याला लागलो. एल्दो गाडी चालवायला. मागे तिघं मावतात का हे बघायचं म्हणून जिन्सी, शम्सू आणि मी. शम्सू मध्ये बसला आणि कॅमेरा पुढच्या दोन सीटांच्या मध्ये बांधला, स्वतःकडे तोंड करून. जिन्सीने कोपराने ढोसलं तेव्हा सुरू झाला, तेही कॅमेऱ्याकडे न बघता.

"इथून रस्ता दिसत नाही. पुढच्या सीटची पाठ दिसते, आणि काच उंच आहे म्हणून वरचं थोडं आभाळ. आमच्या घरात इथे उम्मा, माझी आई, बसते. म्हणजे तिला दवाखान्यापर्यंत हीच पाठ बघायची." मग हाताने सीट चाचपून, "मांडीखाली काही टेकत नाही. वळणावर सेट्टू माझ्या अंगावर येतात. त्यांचा दोष नाही, त्यांना धरायलाच काही नाही."

असंच तुटक तुटक बोलत राहिला. चहाचे मळे लागले तसा त्याचा चेहरा उतरला. एल्दोने आरशात बघून गाडी बाजूला घेतली. शम्सू मला ओलांडून बाहेर पडला आणि कठड्याशी वाकला. कॅमेरा चालूच होता, उघड्या दारातून त्याची पाठ दिसत होती. परत येऊन बसला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "मागच्या महिन्यातल्या गाडीत मी वरपर्यंत गेलो होतो. हिच्यात अर्ध्यावरच झालं. ही मागून फार झुलते."

कंपनीला व्हिडिओ आधी दाखवायची पद्धत होती. कोचीहून त्यांच्या माणसाचा फोन आला, तो जिन्सीने घेतला. माणूस अगदी नम्र होता. बाकी सगळं सुंदर आहे मॅडम, म्हणाला, तेवढा भाग काढा. लोक जेवताना बघतात.

असे भाग एल्दोने पूर्वी कित्येकदा काढले होते. दाराचा खडखडाट काढला होता, चढणीवर धापा टाकणाऱ्या इंजिनावर गाणं चढवलं होतं. आताही तो संगणकापुढे बसला. शम्सूची वाकलेली पाठ पडद्यावर पुढे-मागे करत राहिला. मग मोबाइलवर लिहून आमच्याकडे सरकवलं: "हे काढलं तर पुढचं सगळं परत जोडावं लागेल. मला नाही होणार." आणि चटईवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. लोकांनी नंतर त्याला धाडस म्हटलं. मी तिथे होतो. धाडस वगैरे काही नव्हतं, माणूस दमला होता.

व्हिडिओ तसाच गेला. आधी शिव्या आल्या. हा कोण, एल्दो कुठे, नाटकं करतात. मग हळूहळू दुसरं यायला लागलं. मलप्पुरमच्या एका बाईने लिहिलं, नवरा गल्फमध्ये, सासूला तपासायला मीच नेते, आणि गाडीत ती ओकली की मी तिला सोंग करते म्हणून बोलत आले. आज तिला शेजारी बसवून हा व्हिडिओ दाखवला. खाली लोकांनी आपापल्या आयांचं, बापांचं लिहिलं. एल्दोने ते सगळं वाचलं. जिन्सी सांगत होती, जेवण गार होईपर्यंत वाचत होता.

त्या कंपनीचं बोलावणं पुन्हा आलं नाही. बाकीच्यांनीही थोडे दिवस फोन उचलले नाहीत. मग बघणारेच आपापल्या गाड्या घेऊन दारात यायला लागले: आमची बघा, आमच्या म्हाताऱ्या अप्पनला मागे बसवतो. बघणारे पहिल्यापेक्षा कमी झाले, ते अजून कमीच आहेत. शम्सूचं मात्र जिणं अवघड झालं. मासळीबाजारात कोळणी विचारतात, "आज उलटी झाली का रे?" त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती, तर मुलीच्या मामाने सांगितलं, मुलगा ओळखीचाच आहे, त्याला ओकताना बघितलंय. लग्न झालं तरीही. मुलीलाही गाडी लागते.

एल्दोचा आवाज चार-सहा महिन्यांनी परत आला, पण खर्जातला, मध्येच फाटणारा. शम्सूने लगेच गळपट्टीचा माईक काढून त्याच्या हातात दिला. "घ्या चेट्टा. माझी सुटका करा."

एल्दोने माईक हातात धरला, पण लावला नाही.

"तू बोल," तो म्हणाला. "मी चालवतो."

"लोक तुम्हाला विचारतात."

"विचारू दे. मला सध्या कुणाला काही सांगायचं नाहीये."

शम्सूने वैतागून माईक परत घेतला. बाहेर गाडीचा मालक थांबला होता, पाला गावचा एक शेतमालाचा व्यापारी, सोबत त्याची म्हातारी आई. तिला मागे बसवताना एल्दोने तिचा पाय हाताने उचलून आत ठेवला, लुगड्याचा काठ दारात येत नाही ना ते पाहिलं आणि सावकाश गाडी काढली. मी दुकानाच्या ओट्यावरून बघत होतो. पुलाच्या तोंडाशी नेहमीसारखी गर्दी होती. त्याने हॉर्न वाजवला नाही, नुसता थांबून राहिला.